गुलाबी बोंडअळीच्या पोटातली लढाई

मृग लागला होता, पण मान्सून अजून वऱ्हाडात पोचला नव्हता. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर गावी ललित पाटील बहाळे यांच्या शेतात हजाराच्या आसपास शेतकरी गोळा झाले. शेतकरी संघटनेचे अध्यक्ष अनिल घनवट त्यांच्यात होते. सरकारने मान्यता न दिलेले, तणनाशकाने न मरणारे कापसाचे बियाणे या मंडळींनी भरदिवसा, सर्वांच्या देखत मातीत टोबले. कागदोपत्री त्याला एचटीबीटी म्हणतात, बाजारात चोर बीटी. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता, हे जमलेल्यांना ठाऊक होते. पुढे गुन्हेही दाखल झाले.

वर्तमानपत्रांनी त्या दिवसाची नोंद आंदोलन म्हणून घेतली. माझ्या मते तो दिवस विज्ञानाच्या इतिहासातही धरायला हवा. आपल्याला नवे तंत्रज्ञान हवे आहे आणि ते आपल्यापर्यंत येऊ दिले जात नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याने कायदा मोडून सांगितले. पण त्या दिवशी टोबलेल्या बियाण्याने फक्त निंदणाचा खर्च वाचणार होता. वऱ्हाडाची पऱ्हाटी ज्या किडीने दोनच वर्षांपूर्वी उद्ध्वस्त केली होती, त्या गुलाबी बोंडअळीवर त्यात नवे काहीच नव्हते. त्या अळीवरचा उपाय जगात वेगळ्याच वाटेने शोधला जात होता. अकोट तालुक्याच्या बांधावर उभे राहून त्या वाटेचा इतिहास सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी अळी. १८४० च्या दशकात गुजरातेतल्या भरूच भागातल्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले वर्णन केले. म्हणजे ही कीड आपल्याकडे जुनीच आहे. तिचा पतंग पात्या-बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते, आत शिरताना पडलेले भोक बुजून जाते आणि मग बाहेरून सारे ठाकठीक दिसते. फुलात शिरली तर पाकळ्या चिकटून डोमकळी होते. बोंडात शिरली तर ती सरकी खाते, रुई डागाळते आणि वेचणीला हाती कवडी येते. वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत जात नाही.

अकोट तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळा किल्ल्याच्या खाली पसरला आहे. डोंगराकडच्या पट्ट्यात विहिरींच्या पाण्यावर संत्री आणि केळी होतात, पण दक्षिणेला पूर्णेकडे सरकावे तसा खारपाण पट्टा लागतो. तिथले भूगर्भातले पाणी पिकाला चालत नाही, त्यामुळे सारी भिस्त पावसावर. अशा जमिनीत कापूस बुडाला की त्या वर्षी हाताशी दुसरे फारसे काही उरत नाही. बोंडअळीचा प्रश्न तिथल्या घराच्या वर्षभराच्या हिशेबाशी असा बांधलेला आहे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. ते वाण महिको-मोन्सँटोचे होते. महिको म्हणजे जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये उभी केलेली कंपनी. या वाणांत मातीतल्या एका जिवाणूचे प्रथिन झाड स्वतःच तयार करू लागले. बोंडात बसलेली अळी ते खाऊन आतच मरू लागली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले आणि काही वर्षांतच देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापसाचे क्षेत्र बीटीखाली गेले. सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले. हे नाकारणे खोटेपणाचे होईल. अकोटच्या जिनिंगमध्ये आलेल्या गाड्यांनी ते पाहिले आहे.

मग अळीने मार्ग काढला. २०१० मध्ये मोन्सँटोनेच जाहीर केले की गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. २०१४-१५ च्या सुमारास दुसरेही जनुक निकामी होत असल्याचे दिसू लागले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडे फोडून पाहावीत तर आत अळी, अशी गत झाली. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बोंडात बसलेल्या आणि पानांवर बसलेल्या किडींशी लढताना माणसे मेली. आपल्या राज्याच्या शेतीच्या इतिहासातले हे पान शाळेच्या पुस्तकात असायला हवे.

अळीला वाट कुणी दिली, याचे उत्तर एकपदरी नाही. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जाई. ते कडेच्या ओळींत लावायचे होते, म्हणजे तिथे बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या वाचतील आणि त्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकार पातळ होत राहील. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले. कारण समजावून कुणी सांगितलेच नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. केशव क्रांती यांनी आणखी एक मर्म दाखवले: आपल्याकडे बीटी संकरित वाणांत आले, त्यामुळे एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखे नसते, आणि अळीला हळूहळू सराव व्हायला अशी बोंडे फार सोयीची. त्यात फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तेच पीक शेतात ठेवण्याची सवय. अमेरिकेने तीच जनुके, वंध्य पतंग आणि कामगंध सापळे यांची कडक सांगड घालून ऑक्टोबर २०१८ मध्ये गुलाबी अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तंत्र एकच होते, पण ते राबवण्याची शिस्त आणि बियाण्याची घडण वेगळी होती.

आता दुसरी वाट, आरएनए या रेणूने जनुक मुके करण्याची. तिची सुरुवात कापसात नाही, शोभेच्या फुलात झाली. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेनसेन आणि कॅरोलिन नापोली यांनी पेटुनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी त्या झाडात रंगाचे जनुक जास्तीचे घातले. झाडांना पांढरी फुले आली. काही फुलांवर पांढरे पट्टे होते. वाढवायला घातलेल्या जनुकाने मूळ जनुकालाही गप्प केले होते, आणि असे का व्हावे हे कुणाला कळेना.

१९९८ च्या फेब्रुवारीत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए त्यांनी कृमीत टोचला आणि नेमके तेच जनुक मुके झाले. एकपदरी आरएनए टोचल्यावर असा परिणाम जवळजवळ दिसत नव्हता. पुढल्या वर्षी इंग्लंडात अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम्ब यांना वनस्पतींत सुमारे पंचवीस अक्षरांचे लघु आरएनए सापडले. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने एकवीस अक्षरांचा असा तुकडा प्रयोगशाळेत बनवून माणसाच्या पेशीतले जनुक बंद करून दाखवले. फायर-मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले. पेशी स्वतःच असे बारीक आरएनए बनवून आपल्या जनुकांवर ताबा ठेवते हे १९९३ मध्येच दाखवणाऱ्या व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मात्र २०२४ पर्यंत थांबावे लागले.

पेशीच्या केंद्रकातला डीएनए म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला मूळ सातबारा, आणि आरएनए म्हणजे त्याची बाहेर दिली जाणारी नक्कल. प्रथिने बनतात ती नकलेवरून. दुपदरी आरएनए पेशीत गेला की पेशीतले यंत्र त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते, एक पदर हाताशी धरते आणि त्या मजकुराशी जुळणारी प्रत्येक नक्कल शोधून फाडते. मूळ दप्तराला कुणी हात लावत नाही. झाडावर असा आरएनए नुसता फवारला तर झाडाचे किंवा किडीचे जनुक बदलत नाही, काही काळ त्याचे काम थांबते. जनुक बदललेले बियाणे आणि ही फवारणी यांत हा मूळचा फरक आहे, आणि अकोटच्या वादाच्या संदर्भात तो फार मोलाचा आहे.

नोबेलनंतर औषध कंपन्या या क्षेत्रात तुटून पडल्या आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तितक्याच वेगाने मागे हटल्या. २०१० मध्ये रोशने आपला आरएनएचा कार्यक्रम बंद केला. अडचण साधी होती. आरएनए टिकत नाही. त्याच्या प्रत्येक दुव्यात रायबोज नावाची साखर असते, आणि त्या साखरेवरचा एक ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट साखळी तोडायला मदत करतो. रक्तात, लाळेत, घामात, मातीत आरएनए तोडणारी विकरे भरलेली असतात. सुईने दिलेला उघडा आरएनए यकृतापर्यंत पोचण्याआधीच नष्ट होई, आणि कधी शरीर त्याला विषाणू समजून उलटे अंगावर घेई.

इथे रसायनशास्त्रज्ञ पुढे आले. त्यांनी साखरेवरच्या त्या नाजूक जागी कुठे फ्लोरीनचा अणू बसवला, कुठे मेथॉक्सी गट. साखळीच्या टोकांकडच्या दुव्यांत ऑक्सिजनच्या एका अणूऐवजी गंधक घातले. ही गंधकाची युक्ती फ्रिट्झ एकस्टाइन यांनी कित्येक दशके आधी शोधून ठेवली होती. कौशल्य होते ते प्रमाणात: बदल इतके हवेत की विकरांना तुकडा तोडता येऊ नये, आणि इतकेच हवेत की पेशीच्या यंत्राला तो आपला वाटावा. शेवटी टोकाला एक खास साखर जोडली, जिला यकृताच्या पेशी ओळखून आत ओढून घेतात. १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेत पॅटिसिरान या अशा प्रकारच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, ते मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलेले होते. मग आले ती खास साखर जोडलेले इन्क्लिसिरान, युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोन इंजेक्शने पुरतात. मिनिटांत विरघळणारा रेणू सहा महिने काम करू लागला, तो या बारीक रासायनिक फेरफारांमुळे. गेल्या पंचवीस वर्षांतल्या औषधशास्त्रातली ही मला सर्वांत देखणी कामगिरी वाटते.

शेतीतली गोष्ट समांतर चालली होती आणि तिच्यात कापूस पहिल्यापासून आहे. २००६ मध्ये टेक्सासमध्ये काम करणाऱ्या कीर्ती राठोर यांनी सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य बनवणारे जनुक फक्त बियांत मुके केले. पाने आणि बोंडांची साल यांत ते तसेच ठेवले, कारण झाड त्यानेच किडींपासून आपले रक्षण करते. एक किलो रुईमागे साधारण दीड किलो सरकी निघते, तिच्यात भरपूर प्रथिन असते. आपण तिचे तेल काढून ढेप जनावरांना घालतो, कारण गाई-म्हशींना गॉसिपॉल बऱ्यापैकी पचते, माणसाला नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये या कापसाच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये त्याच्या सरकीला अन्न म्हणून मान्यता दिली. २०१९ हेच अकोली जहाँगीरचे वर्ष.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. मोन्सँटोच्या गटाने मक्याच्या मुळावरच्या भुंग्याचे जनुक झाडातून दिलेल्या दुपदरी आरएनएने बंद केले. शांघायच्या गटाने हिरव्या बोंडअळीचे, गॉसिपॉल पचवण्याची ताकद देणारे जनुक मुके केले, आणि अळीला कापसाचेच विष बाधू लागले. २०११ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तोंडावाटे दिलेल्या आरएनएने पांढरी माशी मारून दाखवली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने बटाट्यावरच्या भुंग्यासाठी लेडप्रोना या फवारणीच्या आरएनएला नोंदणी दिली. किडीसाठी पानांवर फवारायचे असे ते पहिलेच आरएनए औषध. मधमाशी, माणूस, पाखरू यांच्यात तो मजकूर जुळत नाही म्हणून त्यांना इजा नाही, हा त्याचा मोठा दावा आहे.

मग बोंडअळीसाठी असे औषध का नाही? कारण भुंगा वेगळा, अळी वेगळी. भुंग्यांच्या पोटात दुपदरी आरएनए बराच टिकतो आणि पेशींत पोचतो. पतंगांच्या अळ्यांच्या पोटरसात तो तोडणारी विकरे भारी असतात. जो थोडा वाचतो तो पेशीच्या आतल्या पिशव्यांत अडकून पडतो, यंत्रापर्यंत जातच नाही. गुलाबी बोंडअळी, हिरवी बोंडअळी, मक्यावरची लष्करी अळी, तिन्ही पतंगांच्याच अळ्या. म्हणजे रक्तात औषधाची जी अडचण झाली होती, तीच आता अळीच्या पोटात उभी आहे. उत्तरही त्याच कपाटात शोधले जात आहे. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठातल्या मार्क डिकमन यांच्या गटाने २०२२ मध्ये गंधक आणि फ्लोरीन बसवलेला दुपदरी आरएनए कीटकांच्या विकरांपुढे जास्त टिकतो आणि जनुक बंद करण्याचे कामही करतो असे दाखवले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने २०१७ मध्ये आरएनए मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर बसवून पानावर फवारला. एका फवारणीने वीस दिवस विषाणूपासून रक्षण झाले.

ही कथा इथे आनंदाने संपवता येत नाही. बोंडअळी अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचा वेळ फार थोडा. फवारणीचे औषध त्या वेळात तिच्या पोटात जायला हवे, नाहीतर ते झाडाच्या आत पोचायला हवे. औषधात आरएनए मिलिग्रॅममध्ये लागतो, शेतात एकराला ग्रॅममध्ये लागेल, आणि रासायनिक बदल केलेला लांब आरएनए आज महाग आहे. साधा आरएनए मातीत काही दिवसांत नाहीसा होतो. मुद्दाम टिकाऊ केलेला किती दिवस राहील आणि तुटल्यावर त्याचे काय होईल, याची वेगळी तपासणी लागेल. साध्या आरएनएचा निर्धोकपणा त्याला आपोआप लागू होत नाही. आणि प्रतिकार? बटाट्याच्या भुंग्यावर प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यावर अकरा हजार पटींहून अधिक प्रतिकार आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मक्याच्या भुंग्यात तर असे दिसले की एका आरएनएला दाद न देणारा किडा दुसऱ्यालाही देत नाही, कारण त्याचे पोट आरएनए आतच घेत नाही. म्हणजे १२० ग्रॅमच्या पाकिटाचा धडा इथेही लागू आहे. पहिल्या हंगामापासून शिस्त हवी.

सरकारी संशोधनाने काय करावे, हे आपल्याला एका अपयशातून कळायला हवे होते. नागपूरच्या कापूस संस्थेने इतर दोन संस्थांबरोबर बिकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण काढला. शेतकऱ्याला त्याचे बी घरी राखून पुन्हा पेरता आले असते. २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि थोड्याच काळात तो मागे घ्यावा लागला, कारण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश आढळला. त्यानंतर सार्वजनिक क्षेत्राने या मैदानात पाय घट्ट रोवलाच नाही. जागा मोकळी राहिली आणि ती चोर बीटीने भरली. बिल नाही, पाकिटावर खरे नाव नाही, उगवले नाही तर तक्रार कुठे करायची हे माहीत नाही, अशा बियाण्यावर वऱ्हाडातला शेतकरी आज हजारोंची पैज लावतो. अकोली जहाँगीरला जमलेल्यांच्या मागणीशी कुणाचे मतभेद असतील, पण ही अवस्था त्यांनी निर्माण केलेली नाही.

बोंडअळीवर चालणारा आरएनए आज अकोटच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळत नाही. तो येईल तेव्हा तो कुणाचा असेल, हे आता ठरायचे आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोटपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे, नागपूरची कापूस संस्था त्याच विदर्भात आहे, आणि देशात औषधांसाठी आरएनएचे रसायन जाणणारे लोक आहेत. या तिघांनी एकत्र बसून गुलाबी अळीच्या पोटरसात कोणता बदल टिकतो हे शोधावे. चाचण्या खारपाण पट्ट्यातल्या कोरडवाहू शेतात, शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर घ्याव्यात. चांगले-वाईट निकाल मराठीत छापावेत, आणि फवारणीच्या आरएनएसाठी स्पष्ट नियम केंद्राने औषध बाजारात येण्याआधी करावेत. तोवर शेतकऱ्यांना एकच सांगणे आहे: डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावा. गुलाबी अळीवर आज हाताशी असलेले भरवशाचे उपाय हे आहेत.